सजीवांचं वर्गीकरण: दिसण्यावर जाऊ नका, या चुका टाळा

बीएस्सीच्या पोरांच्या फाइली तपासताना दर वर्षी तेच: जे सारखं दिसलं ते एका कुळात कोंबलं.

एका पोट्ट्यानं नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पक्ष्यांवर देखणी फाइल केली होती. पाकोळी आणि भिंगरी एकाच कुळात. का, तर दोघींचे पंख लांब, टोकदार, दोघी उडता उडता किडे टिपतात. फोटोखाली झोकात लिहिलेलं, ‘तारेवर बसलेली पाकोळी’. बाहेरून आलेले परीक्षक तिथंच थांबले. “काऊन रे, पाकोळी तारेवर बसते काय?” पोट्टा गप्प. पाकोळीचे पाय उभ्या भिंतीला धरून लटकण्यापुरते. तारेवर तिला बसताच येत नाही. फोटोत भिंगरी होती. भिंगरी चिमणी-कावळ्यांच्या गणातली (गण म्हणजे अनेक कुळांचा गट), तर पाकोळीचे जवळचे सोयरे अमेरिकेतले हमिंगबर्ड. हवेत किडे धरायचं काम एकच, म्हणून घाट सारखा झाला. वर्गीकरणात बघायचं ते नातं. ते कळलं की बाकीचंही कळतं: पक्षी पाकोळीच्या कुळातला म्हटल्यावर त्याचे पाय कसे असतील हे न बघता सांगता येतं.

माझी सवय सांगतो. चोच, पाय, शेपटी वहीत उतरल्याशिवाय मोबाइल खिशातून काढत नाही. अ‍ॅप नाव देतं, ते नाव कशावरून हे सांगत नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात. आजकालच्या पोरांना तेवढाही दम निघत नाही.

भूछत्र ही बुरशी, ती वनस्पतीत टाकू नका. व्हिटेकर या शास्त्रज्ञानं 1969 मध्येच बुरशीला वेगळी सृष्टी (वर्गीकरणातला सगळ्यात मोठा गट) दिली, आणि नात्यानं ती प्राण्यांच्या जास्त जवळची.

वटवाघूळ सस्तन आहे. हे कॉलेजात सांगावं लागतं, काय बोलावं!

शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचं (genus) पहिलं अक्षर मोठं, जातीचं (species) लहान. हातानं लिहिलं तर दोन्हींखाली रेघ, वेगवेगळी.

हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाला, नुसतं पान आणू नका, फुलाशिवाय कुळ ठरवणं कठीण. पळस हवा तर तो फुलेपर्यंत थांबा. सबमिशनची तारीख झाडाला माहीत नसते.

आणि जातींचा आकडा पाठ करून फेकू नका. आपल्या संत्र्याचीच प्रजाती घ्या, सिट्रस. वनस्पतिशास्त्रज्ञ स्विंगलनं तिच्यात 16 जाती मानल्या, दुसरा वनस्पतिशास्त्रज्ञ तनाकानं 162. ही झाडं आपसात सहज संकर करतात, आणि तनाकानं कित्येक संकरांनाही जातीचा दर्जा दिला. तेव्हा किती जाती असं विचारलं, तर कोणाच्या मते ते आधी सांगा.