जुजुत्सूच्या जुन्या घराण्यात शिकायचंय? या चुका टाळा

"ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळेल?" नवा माणूस पहिल्याच दिवशी हे विचारतो. जुजुत्सू या जपानी झुंजकलेच्या जुन्या घराण्यांत या प्रश्नाला जागाच नाही. 'दान' ही पायरी, जिच्यासोबत ब्लॅक बेल्ट येतो, तिथली नव्हेच. ती 'गो' या पटावरच्या खेळात आधीपासून होती. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा काढली, १८८३ मध्ये साइगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो यांना पहिला दान दिला, आणि पुढे बाकीच्या कलांनी ती पद्धत उचलली. कानो स्वतः ज्या तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यूत ('र्यू' म्हणजे घराणं) घडले, तिथे गुरूच्या हातची सनद मिळायची: किरिगामी, मोकुरोकु, मेन्क्यो आणि शेवटी मेन्क्यो काइदेन, म्हणजे घराण्याचं सगळं शिक्षण मिळाल्याची सनद. नावं आणि क्रम घराण्यागणिक बदलतात. सनद सांगते ते एवढंच, की गुरूने तुम्हाला कुठपर्यंत दिलं आणि पुढे काय शिकवायची मुभा दिली. म्हणून दोन घराण्यांच्या सनदा शेजारी ठेवून 'म्हणजे कितवा दान?' असा हिशोब करू नका.

दुसरी चूक मला जास्त सलते. क्योतोतल्या एका दोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, पाहुणा आला, दुसऱ्या शैलीतला चौथा दान, पट्ट्यावर सोनेरी धाग्याने नाव. नमस्काराच्या रांगेत थेट वरच्या टोकाला बसला. रांग घराण्यातल्या प्रवेशाच्या क्रमाने लागते, म्हणून त्याला एका कॉलेजातल्या मुलीच्याही खाली बसवलं. चेहरा पडलाच. मग सरावाला जोडीदार म्हणून तीच आली. तिने मनगट धरलं, त्याने काता (जोडीने करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम) अर्धवट सोडून स्वतःचा डाव घातला. ती उठली, मूळ जागी जाऊन गुडघ्यावर बसली, म्हणाली, "पहिल्यापासून." पुन्हा तेच. शेवटी गुरूंनी त्याला बाजूला बसून बघायला सांगितलं. तो परत आला नाही.

ती त्याला हरवायला आलीच नव्हती. बऱ्याच घराण्यांत पडायची बाजू ज्येष्ठ घेतो, कारण अंतर आणि कोन चुकला तर तो त्यालाच आधी कळतो. तिच्याकडून त्याला तेच मिळणार होतं. मी कुठल्याही नव्या दोजोत पांढरा पट्टा बांधतो, दाराशी थांबतो आणि कुठे बसू ते विचारतो. घाई असलेल्यांना हे कमीपणाचं वाटतं. त्यांनी जुन्या घराण्याच्या वाटेला जाऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

तंत्रांच्या यादीची गुंडाळी विकत घेऊन शिकू नका. दाइतो-र्यूच्या हिदेन मोकुरोकुत ११८ तंत्रं मोजतात, पण अशा यादीतली नावं ज्याच्या अंगात तंत्र आधीच मुरलंय त्यालाच उपयोगी.

स्वतःला 'सोके', म्हणजे घराण्याचा प्रमुख, म्हणवून घेऊ नका. मेन्क्यो काइदेन मिळालेला प्रत्येक जण घराण्याचा प्रमुख होत नाही. १५३२ पासूनची परंपरा सांगणाऱ्या ताकेनोउची-र्यूच्या मूळ शाखेत प्रमुखपद त्याच कुटुंबात चालत आलंय.

काही घराण्यांत प्रवेशाच्या वेळी बोटाच्या रक्ताचा ठसा देऊन शपथ घेतात. आपल्याकडच्या गंडाबंधासारखाच हा बांध आहे, नुसता फॉर्म समजून सही ठोकू नका.

आणि मोबाइलवर काता टिपू नका. शपथेत बहुधा बाहेर न दाखवण्याचं वचन असतं. मी घरी येऊन वहीत लिहितो; जे आठवत नाही ते पुढच्या सरावात ज्येष्ठांना विचारतो.