राजा पुढे, प्यादं मागे

बुद्धिबळात ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा चाली तोंडपाठ, आणि शेवटी एक प्यादं जास्त असूनही डाव बरोबरीत. नवशिक्यांचे असे डाव ढिगाने सापडतात. लवकर सुधारायचं असेल तर अभ्यास उलट्या टोकापासून सुरू करावा: पटावर दोन राजे आणि एक प्यादं. मोहरी इतकी कमी असली की प्रत्येक चालीचा हिशेब शेवटपर्यंत लावता येतो.

ही स्थिती मांडा (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८). पांढरा राजा ई५, प्यादं ई४. काळा राजा ई७. राजे एकाच पट्टीवर, मध्ये एक घर. याला ऑपोझिशन म्हणतात, आणि इथे ज्याची चाल त्याचीच अडचण. काळ्याची चाल असेल तर त्याला बाजूला व्हावंच लागतं: तो डी७ ला गेला की पांढरा राजा एफ६ ला, तो एफ७ ला गेला की डी६ ला. पांढरा जिंकतो. चाल पांढऱ्याची असेल तर काळा दर वेळी समोर येऊन उभा राहतो आणि डाव बरोबरीत सुटतो.

आता प्यादं ई४ वरून उचलून ई३ वर ठेवा आणि चाल पांढऱ्याची धरा. ई४ खेळला की तीच स्थिती आली, पण चाल काळ्याची! म्हणूनच प्याद्याची चाल राखून ठेवायची असते. उगीच घाईने प्यादं ढकलणं, ही या शेवटांमधली सगळ्यात महाग चूक. आधी राजा पुढे, मग प्यादं. पांढरा राजा ई६, प्यादं ई५ आणि काळा राजा ई८ असेल, तर चाल कुणाचीही असो, पांढराच जिंकतो.

बचाव करणाऱ्याने एवढं पक्कं करावं: मागे हटायचं ते सरळ. पांढरा राजा ई५, प्यादं ई६, काळा राजा ई७, चाल काळ्याची. ई८ हीच एक बरोबर चाल. मग पांढरा राजा डी६, काळा राजा डी८. प्यादं ई७ ला शह देतं, काळा राजा ई८. आता पांढरा राजा ई६ ला आला तर स्टेलमेट (काळ्याला शह नाही, पण चालही उरत नाही, म्हणून बरोबरी), दुसरीकडे गेला तर प्यादं मारलं जातं. सुरुवातीलाच काळा डी८ ला गेला तर राजा डी६, राजा ई८, आणि ई७ शह न देता येतं. काळ्याला एफ७ ला जावं लागतं, पांढरा राजा डी७ ला येतो, प्यादं आठव्या ओळीवर पोहोचून वजीर होतं. खूणगाठ सोपी आहे: प्यादं सातव्या ओळीवर शह देत आलं तर बरोबरी, न देता आलं तर विजय.

अपवाद ए आणि एच पट्ट्यांचे. तिथे बचावाचा राजा कोपऱ्यात पोहोचला की डाव बरोबरीत. बी आणि जी पट्ट्यांवरही जपून. पांढरा राजा जी६, प्यादं जी५, काळा राजा जी८ आणि चाल पांढऱ्याची असेल तर राजा एच६ ला न्यावा. एफ६ ला नेला तर काळा एच७ ला येतो आणि मग घाईने जी६ शह दिला की राजा एच८, विजय गेला.

सरावासाठी प्रत्येक स्थिती इंजिनविरुद्ध (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमविरुद्ध) दोन्ही बाजूंनी खेळा. ती न अडखळता जिंकता आणि वाचवता आली, की सगळी मोहरी एक पट्टी सरकवून पुन्हा मांडा.

या रुक्ष वाटणाऱ्या हिशेबातलं सौंदर्य बघायचं तर बुद्धिबळपटू रिचर्ड रेटीची १९२१ सालची रचना मांडा. पांढरा राजा एच८, प्यादं सी६. काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याने चाल करून बरोबरी साधायची. काळ्याचं प्यादं गाठायला पांढऱ्याला दोन चालींचा उशीर झालाय, स्वतःचं प्यादं तर काळ्या राजाच्या तावडीत. पुढचं वाचण्याआधी अर्धा तास तरी डोकं घालाच.

किल्ली अशी: राजाला सरळ जाताना जेवढ्या चाली लागतात तेवढ्यातच तिरकं वळणही घेता येतं. ई१ वरून ई८ ला सात चाली. वाटेत एच४ ला जाऊन आलं तरी सातच. म्हणून पांढरा राजा जी७, काळं प्यादं एच४, पांढरा राजा एफ६, काळा राजा बी६, पांढरा राजा ई५! आता काळ्याने सी६ वरचं प्यादं मारलं तर राजा एफ४ ला येऊन एच प्यादं गाठतो. त्याऐवजी काळ्याने प्यादं एच३ ला नेलं तर पांढरा राजा डी६, काळं प्यादं एच२. पांढरं प्यादं सी७, काळा राजा बी७. पांढरा राजा डी७, आणि दोघांचेही वजीर होतात: बरोबरी.