अलास्कात बोटीचं इंजिन तापलं तेव्हा काय केलं

सिएटलहून आम्ही चौघं मित्र बोट घेऊन इनसाइड पॅसेजने (किनारा आणि बेटांमधला जलमार्ग) वर गेलो, रँगल नॅरोज या अरुंद खाडीचे सुमारे 35 किलोमीटर भरतीची वेळ साधून पार केले आणि पीटर्सबर्गच्या पुढे थॉमस बे मध्ये नांगर टाकला. सकाळी डिझेल इंजिन चालू केलं तर टेम्परेचरचा काटा चढायला लागला, एक्झॉस्टमधून इंजिन थंड करून बाहेर पडणारं समुद्राचं पाणी जेमतेम ठिबकत होतं.

लगेच बंद केलं. आधी सीकॉक (बोटीच्या तळातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करून स्ट्रेनर म्हणजे पाण्याची गाळणी उघडली, केल्पच्या (समुद्री शेवाळाच्या) चिंध्या निघाल्या, साफ केली, तरी तेच. मग ते पाणी ओढणाऱ्या पंपाचं झाकण काढलं तर आत फिरणाऱ्या रबरी चाकाच्या, म्हणजे इम्पेलरच्या, 6 पात्यांपैकी 2 गायब! ग्लेशियरचं पाणी तिथे दुधासारखं गढूळ असतं, त्यातली बारीक रेती रबर झिजवते. आमच्याकडे स्पेअर होता, भांड्याचा साबण लावून, पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकवून बसवला. पण तुटलेले तुकडे शोधल्याशिवाय इंजिन चालू करू नका, आमचे हीट एक्सचेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनची उष्णता काढणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकले होते, चिमट्याने काढले, हात गारठून बधिर झालेले.

सीकॉक उघडून पुन्हा स्टार्ट केलं आणि मागून धो धो पाणी आलं, तो आवाज ऐकून काय बरं वाटलं म्हणून सांगू! तिकडे जाणार असाल तर दोन इम्पेलर आणि पंपाच्या झाकणाचं गॅस्केट (सील) सोबत न्याच.