कॉलेज दाखवायला मुलांना न्यायचंय? पैशाच्या बाबतीत या चुका टाळा

घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नसलं, की सातवीतल्या पोराला कॉलेज म्हणजे बसच्या खिडकीतून दिसणारी कमान. ती कमान ओलांडून त्याला आत नेलं पाहिजे, हे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतल्या गुरुजींना सांगावं लागत नाही. बेत अडतो तो पैशाशी. पण पैसा मिळतच नाही असं नाही, तो चुकीच्या दारात आणि चुकीच्या तऱ्हेनं मागितला जातो.

'प्रत्येकी फक्त शंभर रुपये'

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. गाडीचं भाडं भागिले मुलं असा हिशेब होतो आणि वर्गात जाहीर होतं, 'सोमवारपर्यंत शंभर रुपये आणा.' सोमवारी एकाचं पोट दुखतं, एकाला मामाच्या गावाला जायचं असतं, एखादी पोरगी 'मला गाडी लागते, सर' म्हणून मोकळी होते. सर यादीवर काट मारतात. गळतात ती नेमकी विडी वळणाऱ्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला तीच. 'ज्यांना जमत नाही त्यांनी मला येऊन भेटा' हा यावरचा उपाय नव्हे. बारा वर्षांचं पोर असं भेटायला येत नसतं. सगळ्यांना फुकट न्यायचं, नाहीतर पैसे जमेपर्यंत भेट पुढं ढकलायची.

हिशेबात जेवणही धरा. त्या दिवशी शाळेतलं दुपारचं जेवण बुडतं आणि 'डबा घेऊन या' म्हटलं की पुन्हा तीच मुलं मागं राहतात.

आधी गाडी ठरवणं

खासगी गाडी ठरवून मग पैसे गोळा करत बसू नका. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत कर्नाटकातल्या महिला आणि मुलींना सरकारी साध्या व एक्स्प्रेस बसमधून तिकीट पडत नाही. वीस-पंचवीस जणांची तुकडी नेहमीच्या बसनं नेली तर खर्च उरतो मुलग्यांच्या आणि सरांच्या तिकिटांचा. महामंडळाची अख्खी बस ठरवून घेतली तर मात्र ही सवलत धरू नका.

यात एक अडचण हमखास येते. कंडक्टर कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र मागतो आणि आपल्या भागात एखाद्या मुलीचं आधार आजोळी, महाराष्ट्रातल्या चंदगडला काढलेलं असतं. आदल्या आठवड्यात सगळी कार्डं तपासा आणि अशा मुलींच्या तिकिटाचे पैसे आधीच बाजूला काढा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, तिथलं शिवाजी विद्यापीठ १९६२ पासूनचं, तेव्हा तिकडं जावंसं वाटणारच. पण फुकट तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच, आणि खासगी गाडी हद्दीपलीकडं न्यायची तर परमिट नि कर आधी विचारून घ्या.

दुसरा मार्ग कॉलेजच्याच बसचा. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या बस सकाळी मुलं पोचवल्या की संध्याकाळपर्यंत आवारात उभ्या असतात. प्राचार्यांकडं रोख देणगी मागण्यापेक्षा बस आणि कँटीनचं जेवण मागा, होकार लवकर येतो. फक्त बाहेरची मुलं बसवली तर विमा लागू पडतो का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. आणि बस मोकळी मिळते म्हणून रविवारी जाऊ नका. रिकामे वर्ग आणि कुलूपबंद लॅब बघून काय करणार?

सगळीकडं 'सीएसआर'चा अर्ज

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्याला सीएसआरचा अर्ज देणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. सीएसआर म्हणजे नफ्यातला ठरावीक वाटा समाजकामावर खर्च करायची कंपन्यांवरची सक्ती, आणि ती निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मत्ता ५०० कोटी यांपैकी एक तरी गाठणाऱ्या कंपन्यांनाच आहे. लहान कारखानदाराला माणूस म्हणून भेटा: 'साहेब, एका वर्गाचं जेवण तुमच्याकडं.' मोठ्या कंपनीकडं जायचं तर एका दिवसाची सहल घेऊन जाऊ नका. एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाहीत, वर्षभराचा उपक्रम मांडावा लागतो आणि सोबत नोंदणी झालेली संस्था लागते.

गावचेच पुण्या-गोव्याला असलेले लोक, गणेश मंडळाची उरलेली वर्गणी, इथून पैसा लवकर उभा राहतो. तो सरांच्या फोनपेवर घेऊ नका. सर कितीही सरळ असले तरी गाव बोलायचं ते बोलतंच. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या सुधारणा समितीच्या खात्यावर घ्या, पावती द्या. ८०-जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत हवी असणाऱ्याला नोंदणीकृत ट्रस्टकडं पाठवा आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, हेही सांगा.

देणगीदाराच्या आवडीचं कॉलेज

पैसे देणारा म्हणतो, आमचं कॉलेज बघा. काचेची इमारत, एसी हॉल. पोरं डोळे विस्फारून बघतात आणि परतताना एखादं हळूच विचारतं, 'फी किती, सर?' ते उत्तर लाखात असेल तर दिवस वाया गेला. सरकारी पॉलिटेक्निक, आयटीआय, सरकारी पदवी कॉलेज, भुतरामहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ हे आधी दाखवा. हॉस्टेलची खोली आणि स्कॉलरशिपची खिडकी दाखवायला विसरू नका. माहिती सांगायला त्याच तालुक्यातला, मराठी शाळेतून गेलेला विद्यार्थी मागून घ्या, त्याला एक पैसा पडत नाही. 'गरीब विद्यार्थ्यांसाठी' असं छापलेल्या बॅनरपुढं मात्र मुलांना उभं करू नका. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर बसचा पाठवा.

तारीख

खानापूरकडं पाऊस ओसरेपर्यंत आणि मग भाताची सुगी होईपर्यंत थांबा. डिसेंबर बरा, पण बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर त्या दिवसांत हायवे आणि बंदोबस्ताचा भरवसा नाही, विशेषतः पहिल्या दिवशी. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं त्याआधी हातात हवीत.

पैसे उरले तर टी-शर्ट छापू नका. आठवीच्या मुलांना एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, पण पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तो काढायला नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत हेलपाटे घालावे लागतात आणि मजुरीवर जाणाऱ्या आईची त्यात रोजी बुडते. शिल्लक तिकडं द्या.