घरी फिजिओ बोलावताय? या चुका टाळा

ओळखीत कुणाला अर्धांगवायू झाला की मला फोन येतो, “ताई, कुणी चांगला फिजिओ आहे का?” नोंदणी आहे का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

हीच चूक आमच्याकडेही झाली. बाबांची डावी बाजू गेली होती. डिस्चार्जनंतर घाईघाईत शेजाऱ्यांनी दिलेला नंबर लावला. माणूस पांढरा कोट घालून आला. बोलणं गोड, कार्डावर ‘फिजिओथेरपी तज्ज्ञ’. रोज सकाळी तो बाबांचा लुळा डावा हात धरून त्यांना ओढून उठवायचा. आठव्या दिवशी बाबा खांद्याला हात लावू देईनात. खांद्याच्या हाडाखाली चक्क बोट जाईल एवढी खाच पडली होती. लुळ्या हाताचे स्नायू सांधा धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून तो हात कधीच ओढायचा नसतो. नोंदणी क्रमांक मागितला, तर म्हणाला, “सर्टिफिकेट क्लिनिकवर आहे, उद्या आणतो.” तो उद्या काही आला नाही. एका दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करता करता तो व्यायाम शिकला होता, हे नंतर कळलं.

त्याच्यानंतर आलेल्या फिजिओ बाईंनी व्यायामाच्या आधी बाबांच्या कोपराखाली उशी ठेवली. उठवताना त्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि कंबरेला धरून त्यांना उठवलं. फरक तिथेच दिसला.

महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) परिषदेकडे नोंदणी लागते. २००२ चा तसा कायदाच आहे. त्यामुळे मी पहिल्या फोनवरच पूर्ण नाव आणि क्रमांक मागते, परिषदेकडे पडताळते आणि मगच वेळ ठरवते. प्रमाणपत्राची मुदतही बघते. विचारायला संकोच वाटतो म्हणे! जो खरा शिकलेला असतो तो लगेच क्रमांक देतो, रागावत नाही.

नावाआधी ‘डॉ.’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पदवी विचारा. बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी म्हणजे इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त शिक्षण, एमपीटीएच ही पदव्युत्तर पदवी म्हणजे त्यापुढची दोन वर्षं. सहा महिन्यांचा मसाज कोर्स म्हणजे पदवी नव्हे.

फिजिओंच्या संघटनेचं सदस्यत्व आणि परिषदेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी.

क्लिनिक नोंदणीकृत माणसाचं, पण घरी येणारा भलताच, हेही सर्रास चालतं. जो हात लावणार त्याचाच क्रमांक घ्या.

“दहा सिटिंगमध्ये चालवून दाखवतो” म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवते. आणि दोन दिवसांत फरक नाही म्हणून चौथ्या दिवशी फिजिओ बदलणाऱ्या घरच्यांनाही माझं सांगणं आहे, जरा धीर धरा. मेंदूला पुन्हा शिकायला महिने लागतात.

पहिल्या दिवशी मी खोलीतच थांबते. डिस्चार्ज कार्ड न वाचता, बीपी न विचारता थेट पाय वाकवायला घेतला, तर तिथेच थांबवते.