तिसरा वाढदिवस घरी करताना: मुलाच्या कलाने, घड्याळाच्या हिशेबाने

तीन वर्षांचं मूल आपल्याच वाढदिवसाला भोकाड पसरतं, त्यामागे बहुतेक वेळा हट्ट नसतो. दुपारची झोप बुडालेली असते, गडबडीत खाणं राहिलेलं असतं, अंगात टोचणारा नवा ड्रेस असतो आणि एकदम वीस-पंचवीस मोठी माणसं घरात शिरून टाळ्या वाजवायला लागतात. ही सगळी कारणं आधीच टाळता येतात. त्याला पैसा फारसा लागत नाही. आपल्या मुलाचा स्वभाव ओळखून दीड तास नीट आखावा लागतो.

तिसरा वाढदिवस खास का, तर आज काहीतरी आपलं आहे हे मुलाला पहिल्यांदा कळतं. "मी करणार", "माझं आहे", "नको" हे याच वयातले शब्द. ते शब्द धरूनच बेत करा.

पंधरा दिवस आधी

बागेत किंवा शेजाऱ्यांकडे गेल्यावर आपलं मूल काय करतं ते बघा. काही मुलं सरळ घोळक्यात घुसतात, काही दहा मिनिटं पायाला चिकटून बघत राहतात आणि मग हळूच जातात. दुसऱ्या प्रकारचं मूल असेल तर त्याच्या ओळखीच्या एका मैत्रिणीला किंवा मित्राला अर्धा तास आधी बोलवा. दोघं खेळात रमली की बाकीची माणसं एकेक करून येऊ द्या. भरलेल्या खोलीत मुलाला नेणं त्याला जड जातं, खोली त्याच्याभोवती सावकाश भरली तर जात नाही. मिक्सर सुरू झाला की कान झाकणारं मूल असेल, तर पार्टी पॉपर आणि स्पीकर यादीतून काढूनच टाका.

पाहुण्यांचा एक सोपा हिशेब आहे: वयात एक मिळवा, तेवढी मुलं. म्हणजे तिसऱ्या वाढदिवसाला चार. सोसायटीतली मुलं आणि चुलत-मावस भावंडं धरली की आपल्याकडे हा आकडा टिकत नाही, हे खरं. म्हणून दिवसाचे दोन भाग करा. सकाळी घरच्यांसोबत औक्षण, संध्याकाळी केक आणि मुलं. दोन्ही एकाच वेळी उरकायला गेलं की मूल दमतं आणि औक्षणाचे फोटो रडके येतात.

निवड मुलाला द्या, पण दोनच गोष्टींतून. "कसला केक हवा?" असं विचारलं तर रोज नवं उत्तर येईल आणि ऐनवेळी आदल्या दिवशीचं उत्तर खरं मानलं जाईल. "पिवळा की हिरवा?" असं विचारा आणि जे निवडलं ते पाळा. केकचा रंग, कपडे आणि कोणाला आधी खाऊ द्यायचा, एवढ्या तीन निवडी या वयाला भरपूर झाल्या.

वेळ झोपेवरून ठरवा. मूल १ ते ३ झोपत असेल तर ५ ते ६.३०. नाशिकमध्ये ऋतूप्रमाणे हे थोडं सरकवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गच्चीवर लगेच गारठा पडतो, तेव्हा ४.३० लाच सुरुवात करा. एप्रिल-मेमध्ये गच्चीची फरशी संध्याकाळी साडेपाचलाही तापलेली असते, अनवाणी धावणाऱ्या मुलांचे पाय पोळतात. जुलै ते सप्टेंबर गच्ची आणि गोदाकाठ दोन्ही विसरा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी घाटाच्या पायऱ्यांवर चढतं.

औक्षण

तबकात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन आणि पेढा. लहान ताम्हण किंवा निरांजन नवं घ्यायचं असेल तर भांडी बाजारात वजनावर मिळतं, आणि निरांजन घेताना ते ताम्हणात ठेवून हलवून बघा. बूड सपाट नसेल तर ओवाळताना ते डगमगतं.

मुलाला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवा. तबक मुलाच्या छातीच्या उंचीवर आणि हातभर लांब धरा, कारण ज्योत दिसली की या वयाचा हात पहिला तिकडेच जातो. नेटचा किंवा नायलॉनचा झालरवाला फ्रॉक औक्षणाला नको. ते कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. सकाळी सुती कपडे घाला, झालर संध्याकाळी. केस मोकळे असतील तर बांधा.

कुंकू कोरडं लावलं की डोळ्यात उतरतं आणि मूल रडायला लागतं. अनामिकेला आधी तुपाचं बोट लावा आणि मग कुंकवात टेकवा. अक्षता दोन-तीन दाणेच, मूठभर नकोत. पाटावर सांडलेले तांदूळ नाकात-कानात घालून बघण्याचं हेच वय. काही घरांत डोक्यावर कापूस ठेवतात. तो निरांजन ओवाळून बाजूला गेल्यावरच ठेवा.

आणि आदल्या दिवशी एक करा. वात न लावता तेच तबक मुलाच्या हातात द्या आणि बाहुलीला नाहीतर आजोबांना ओवाळू द्या. दुसऱ्या दिवशी पाटावर बसलेल्या मुलाला पुढे काय होणार ते माहीत असतं, आणि ते पेढ्यासाठी आपणहून तोंड उघडतं.

केक

एक किलो केकचे ८० ते ९० ग्रॅमचे ११-१२ तुकडे होतात. सोबत पोटभर खाणं असेल तर ६० ग्रॅमचा तुकडा पुरतो. २० मोठी आणि चार-पाच मुलं असतील तर दीड किलो मागवा. क्रीमचा केक कापण्याआधी १५-२० मिनिटंच फ्रिजमधून काढा. मे महिन्यात अर्धा तास बाहेर राहिला तर त्यावरची फुलं बसतात.

घरी बिनअंड्याचा करायचा तर ७ इंची डब्यासाठी प्रमाण असं: मैदा दीड कप, घट्ट ताजं दही १ कप, साखर पाऊण कप, तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला इसेन्स १ चमचा. चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मापाचा, कप २४० मिलिलिटरचा. दह्यात साखर पूर्ण विरघळेपर्यंत फेटा. बेकिंग पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं ठेवा, बुडबुडे दिसू लागतील. मग तेल, इसेन्स आणि चाळलेला मैदा तीन वेळा करून. मैदा गेल्यावर फेटायचं नाही, फक्त गुठळी मोडेपर्यंत हलवायचं.

ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून ३५ ते ४० मिनिटं. कुकरमध्ये करायचा तर रिंग आणि शिट्टी काढा, तळाला दीड कप मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. पाणी अजिबात घालायचं नाही. डबा ठेवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. पहिली ३० मिनिटं झाकण उघडू नका, उघडलं की केक मध्ये खचतो. सोडा जास्त पडला तरी खचतो, आणि वर साबणासारखी चव येते. दडस झाला तर दोनच शक्यता: मैदा घातल्यावर फेटलं गेलं, किंवा मिश्रण तयार करून ठेवलं आणि डबा उशिरा आत गेला. दह्यात पडलेला सोडा वाट बघत नाही, म्हणून ओव्हन किंवा कुकर आधीच तापलेला हवा.

फुंकर मारायला एक छोटा कपकेक वेगळा ठेवा आणि मोठा केक बाजूला. तीन वर्षांच्या मुलाच्या फुंकरीत थुंकी जास्त आणि हवा कमी असते. मेणबत्ती विझवायची नसेल तर छोटी समई लावून गाणं म्हटलं तरी छान होतं. गाणं मात्र हळू आवाजात सुरू करा. वीस माणसांनी एका दमात आवाज लावला की घाबरणारी मुलं पुष्कळ असतात.

खाणं, आणि द्राक्षांबद्दल

मोठ्यांसाठी मिसळ सोयीची, कारण ती आधी करून ठेवता येते. २० जणांना कोरडी मटकी ७०० ग्रॅम, पाव ५०, फरसाण पाऊण किलो, कांदे १ किलो, लिंबं दहा. सगळं गणित मोडाचं आहे. थंडीत मटकीला मोड यायला पुरे २४ तास लागतात, म्हणून रविवारच्या संध्याकाळसाठी शुक्रवारी रात्री कोमट पाण्यात भिजवा आणि शनिवारी सकाळी फडक्यात बांधा. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी भिजवून संध्याकाळी बांधली तरी चालते. जास्त वेळ बांधून ठेवली की बुळबुळीत होते आणि वास मारते. काळ्या मसाल्याची तर्री घालण्याआधी मुलांपुरती उसळ काढून ठेवा.

आता द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल हा नाशिकचा द्राक्षांचा हंगाम, पाटीभर द्राक्षं घरात असतातच आणि मुलांपुढे वाटी ठेवली जाते. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका. ते गोल, गुळगुळीत आणि दाबलं की आकार बदलणारं असतं, त्यामुळे श्वासनलिकेत बूच बसावं तसं घट्ट बसतं. आडवं कापून उपयोग नाही, तुकडा तरीही गोलच राहतो. देठाच्या बाजूने उभं कापा आणि चार फोडी करा. तीस द्राक्षांना दहा मिनिटं लागतात, तेवढी काढा. चिवड्यातले अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि पॉपकॉर्नही याच कारणाने मुलांच्या ताटात नकोत. त्यांच्यासाठी शेंगदाणे आणि डाळं न घालता कुरमुऱ्यांचा चिवडा वेगळा करा. खाताना मुलं बसलेली हवीत, तोंडात घास घेऊन धावणं नको.

कोणाला घास अडकलाच आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, श्वास येत नसेल तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर दाबा. पुन्हा थापा, पुन्हा दाब, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. दिसत नसलेला घास बोटाने काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. हे एक वर्षापुढच्या मुलांसाठी आहे. तान्ह्यांचं पोट असं दाबत नाहीत.

सजावट

थोडक्यात: फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, न फुगवलेले फुगे मुलांच्या हाती देऊ नका, दोन्ही घशात अडकतात. उडणारे फुगे काही वेळा हायड्रोजनने भरलेले असतात. तो गॅस पेट घेतो, म्हणून ते निरांजन आणि मेणबत्तीजवळ नकोत. फेसाचा स्प्रेही ज्वलनशील असतो. जळत्या मेणबत्तीसमोर तो मारल्यावर चेहरे भाजलेले आहेत. घरात आणूच नका. नाशिकच्या रविवार कारंजा नाहीतर मेन रोडवरून क्रेप कागद आणि घोटीव कागद आणा आणि मुलालाच तोरणाचे तुकडे चिकटवू द्या. वाकडं होईल, तसंच लावा. आलेल्या प्रत्येकाला ते हात धरून दाखवेल.

माणसं, खेळणी आणि आपली वाक्यं

दुसऱ्या मुलाने आपली गाडी उचलली की वाढदिवसाचं मूल ओरडतं. त्याला अजून वाटून घेणं जमत नाही, वयच तसं आहे. सकाळीच विचारा, "आज कुणालाच द्यायची नाहीत अशी तीन खेळणी कोणती?" ती त्याच्या हाताने कपाटात ठेवू द्या. उरलेली सगळ्यांची, हे मग त्याला बऱ्यापैकी पटतं.

"आत्याला पापी दे" ही जबरदस्ती नको. नमस्कार, टाळी किंवा लांबून टाटा, यातलं काय करायचं ते मूल ठरवेल. आजी-आजोबांना हे आदल्या दिवशी प्रेमाने सांगून ठेवा, म्हणजे चारचौघांत कोणाला वाईट वाटत नाही. "फार लाजरी आहे हो ती" हे वाक्य तिच्यादेखत बोलू नका. ती ते ऐकते आणि तशीच वागायला लागते. "तिला जरा वेळ लागतो, मग बोलते" असं म्हणा. गडबड्या मुलाला "मस्तीखोर" म्हणण्यापेक्षा काम द्या: कागदी डिश वाटणं, चपला ओळीत लावणं. त्याच्या अंगातली ताकद तिथे छान खर्च होते.

उंची आणि वहीचं पान

उंचीची खूण दाराच्या चौकटीवर करा. बूट-मोजे काढून टाचा, कुल्ले आणि पाठ चौकटीला टेकवा, नजर समोर. डोक्यावर पुस्तक आडवं ठेवून त्याचा काटकोन चौकटीला भिडवा आणि पुस्तकाखाली पेन्सिलीने रेघ मारा. झोपवून मोजलेली उंची उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटरने जास्त येते, म्हणून तान्हेपणीच्या आकड्याशी तुलना करून काळजीत पडू नका. तीन ते चार या वर्षात मुलं साधारण सात सेंटीमीटर वाढतात.

मग एका वहीत पाच प्रश्न लिहा आणि दरवर्षी तेच विचारा. तुला काय आवडतं? कशाची भीती वाटते? तुझा मित्र कोण? बाबा दिवसभर काय करतात? तू मोठी झालीस की काय करणार? पाहुण्यांसमोर नको, रात्री अंथरुणात नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. उत्तर आलं तसं, तिच्याच शब्दांत, बोबडं असेल तर बोबडं लिहा. सुधारू नका आणि सुचवू नका. एखाद्या प्रश्नाला उत्तर नाही दिलं तर जागा कोरी सोडा.

वर तारीख घाला. त्याच पानावर तिचा उजवा हात बोटं पसरून ठेवायला सांगा आणि भोवती रेघ ओढा. पेन्सिल सरळ उभी धरा. तिरकी धरली की टोक बोटांखाली शिरतं, गुदगुल्या होतात, ती हात ओढून घेते आणि बोटंही खऱ्याहून बारीक येतात.