यंत्र बंद पडल्यावर निरीक्षणाचा वेळ कुणाला मिळतो?

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बीएस्सी-एमएस्सीची मुलं फोन करतात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "अक्का, पीएचडीला कुठली दुर्बीण धरू?" माझं मत स्पष्ट आहे. दुर्बिणीवर पीएचडी बेतू नये. अवकाशातली यंत्रं बंद पडतात, आणि पडली की प्रस्ताव देऊन मंजूर झालेल्या निरीक्षणाच्या वेळेचं फेरवाटप होतं. त्यात कुणाचं काम टिकतं आणि कुणाचं गळतं, हे कुठल्याच पेपरच्या अभ्यासक्रमात नसतं.

आधी आपल्याच ॲस्ट्रोसॅट या खगोल उपग्रहाचं घेऊ. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून तो सोडला. त्यावरची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण दोन मुख्य पट्ट्यांत बघायची : एफयूव्ही, म्हणजे १३० ते १८० नॅनोमीटर, आणि एनयूव्ही, म्हणजे २०० ते ३०० नॅनोमीटर. मार्च २०१८ मध्ये एनयूव्ही बंद पडलं. त्याच महिन्यात क्ष-किरण टिपणाऱ्या लॅक्सपीसीच्या तीन युनिटांपैकी एक बंद करावं लागलं आणि दुसऱ्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, भरवशाचा राहिला नाही.

मी पीएचडीला लागले ती त्याच सुमारास. विषय होता सर्पिल दीर्घिकांमधले तरुण ताऱ्यांचे पुंजके. एफयूव्ही आणि एनयूव्हीमधल्या तेजाच्या फरकावरून, म्हणजे रंगावरून, पुंजक्याचं वय काढायचं. एक पट्टा गेला की रंगच गेला. नुसत्या एफयूव्हीवर पुंजका वयाने मंद झालाय की मधल्या धुळीने, ते ओळखता येत नाही. घरी सांगितलं तर मामा म्हणाले, "मग मेकॅनिक पाठवा की वर!" मामांचं अगदीच चुकलं नव्हतं. हबल या अवकाश दुर्बिणीला मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन खरंच दुरुस्त केलं. ॲस्ट्रोसॅटला ती सोय नाही.

हबलचाच किस्सा नीट बघण्यासारखा आहे. २७ जानेवारी २००७ ला एसीएस हा त्याचा बिनीचा कॅमेरा शॉर्टसर्किटने बंद पडला. निरीक्षणाचा वेळ मागणाऱ्या प्रस्तावांच्या सोळाव्या फेरीची मुदत आदल्याच दिवशी संपली होती, आणि आलेल्या ढिगातले बरेच प्रस्ताव याच कॅमेऱ्यावर होते. मग पुन्हा दार उघडलं : राहिलेल्या डब्ल्यूएफपीसी-२ किंवा निकमॉस या कॅमेऱ्यांवर काम बसत असेल, तर नव्याने लिहून द्या. डब्ल्यूएफपीसी-२ जुना आणि कमी संवेदनशील. तेवढंच अंधुक काही टिपायला हबलच्या पृथ्वीभोवतीच्या जास्त प्रदक्षिणा लागणार. म्हणजे ज्यांना 'किती कमीत भागेल' याचा आकडा ठाऊक होता, त्यांनाच पटकन फेरमांडणी करता येणार होती. आणि दुरुस्तीची वाट बघत बसावं, तर २००९ च्या दुरुस्तीनंतरही एसीएसचा उच्च विभेदनाचा, म्हणजे बारीक तपशील वेगळा दाखवणारा, भाग परत आलाच नाही.

चोर्ला घाटात बस बंद पडली की मागून येणाऱ्या बसमध्ये आधी कोण चढतं? ज्याच्याजवळ सामान कमी तो. फेरवाटपही तसंच असतं. म्हणून प्रस्ताव लिहिताना दोन आकडे जवळ ठेवा : हवं ते किती, आणि ज्याच्याखाली उत्तरच मिळणार नाही ते किती. पहिला आकडा सगळेच देतात. दुसरा मार्गदर्शक मागेपर्यंत कुणी काढत नाही, आणि अडचणीच्या दिवशी समिती नेमका तोच विचारते.

माझ्या कामात हा दुसरा आकडा असा निघाला. एम ७४ ही समोरून दिसणारी दीर्घिका घ्या, अंतर सुमारे ३.२ कोटी प्रकाशवर्षं. यूव्हीआयटीचं विभेदन दीड विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आत, म्हणजे तिथले साधारण २३० प्रकाशवर्षांचे तुकडे वेगळे दिसतात. एनयूव्ही दुसरीकडून आणायचं, तर गॅलेक्स या नासाच्या अतिनील दुर्बिणीचा संग्रह आहे. गंमत बघा, २००३ मध्ये सोडलेल्या गॅलेक्सचं मे २००९ मध्ये एफयूव्ही गेलं होतं आणि एनयूव्ही चालू राहिलं होतं. आपल्याकडे नेमकं उलट. पण गॅलेक्सचं विभेदन ५ विकलांच्या आसपास, म्हणजे एम ७४ मध्ये पावणेआठशे प्रकाशवर्षं. दोन-तीन पुंजके मिळून एकच ठिपका होतो. स्विफ्ट उपग्रहावरची यूव्हीओटी ही दुर्बीण अडीच विकलांपर्यंत जाते, तिचे फिल्टर एनयूव्हीच्याच टापूत बसतात, पण ती एका वेळी आकाशाचा लहान तुकडा बघते. म्हणून प्रश्नच बदलून घेतला : एकेका पुंजक्याचं वय सोडायचं, दीर्घिकेच्या आतल्या आणि बाहेरच्या भागाची सरासरी तुलना करायची. त्याला ५ विकलाही पुरतात. सरांचं म्हणणं, "प्रश्न लहान झाला." मला तसं वाटत नाही. बाहेरच्या विरळ भागात तारे कसे जन्मतात, हा जास्त अवघड प्रश्न आहे.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या केप्लर दुर्बिणीचं तर अख्खं मिशनच नव्याने वाटलं गेलं. मे २०१३ मध्ये दुसरं रिॲक्शन व्हील, म्हणजे दुर्बीण एका दिशेला रोखून धरणारं चाक, गेल्यावर नासाने खगोलशास्त्रज्ञांकडूनच कल्पना मागवल्या, आणि २०१४ पासून के-२ या नावाने ते क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या, पट्ट्यात एकेका जागेकडे ८० दिवसांच्या आसपास बघू लागलं. लक्ष्यंही लोकांच्या प्रस्तावांतून ठरायची, त्यामुळे ग्रहांशी संबंध नसलेल्यांनाही वेळ मिळाला. दुसऱ्याचं यंत्र बंद पडल्याची बातमी आली की हळहळा जरूर, पण नवी सूचना निघाली का तेही त्याच दिवशी बघा.

आता आपल्या भागाबद्दल. ॲस्ट्रोसॅटचा डेटा बेंगळुरूजवळच्या ब्यालाळूला उतरतो आणि तो वापरायला मदत करणारं केंद्र पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे. बेळगाव या दोन्हींच्या मधल्या वाटेवर. बेळगावच्या कॉलेजात बीएस्सी करून एमएस्सीला राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाड किंवा कोल्हापूर, यांपैकी कुठेही गेलात तरी पुण्याला एखादी कार्यशाळा गाठणं जमतं. घरी मराठी, बसस्टँडवर कन्नड आणि प्रस्ताव इंग्रजीत, हे आपलं नेहमीचंच आहे. मी युक्तिवाद आधी मराठीत एक पान लिहून काढते; तर्कात भोक असेल तर ते तिथेच सापडतं.

वेळ मिळण्याची वाट बघू नका. गॅलेक्सचा संग्रह सगळ्यांना खुला आहे. एम ७४ ची एनयूव्ही प्रतिमा उतरवून घ्या (खानापुरात पावसाळ्यात नेट धड नसतं, तेव्हा सकाळी लवकर), डीएस-नाइन या प्रतिमा बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, बाहेरच्या एका सर्पिल भुजेवर ५ विकलांचं वर्तुळ काढून त्यातला प्रकाश मोजा, मग १० विकलांचं काढा. दोन्ही आकडे आणि आकाशाचा पार्श्वप्रकाश कुठून वजा केलात ते एका कागदावर लिहून ठेवा, आणि मग मला फोन करा.